चौथं नको

मित्रांनो, हल्लीची मुलं मला पाहिलं की विचारतात, "ही एवढीशी किटली कशाला?" किटली म्हणे! मी एक जुनं बोंडलं आहे. चांदीचं, ओंजळीत मावेल एवढं. पुढे चिमणीच्या चोचीसारखी तोटी आणि मागे अंगठा टेकवायला छोटासा कान. ज्या बाळांना अजून पेल्याने पिता येत नाही, त्यांना माझ्यातून दूध पाजतात. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते बोंडलं' असं लिहितात. लिहोत बापडे. माझा सगळा जन्म बायकांच्या हातात गेला, म्हणून मी बोलते बाईसारखी आणि ऐकवतेही बाईसारखीच.

मला एका सोनाराने घडवलं. चांदीचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून ठोकून त्याने माझी वाटी केली. तोटी वेगळी वळवून नंतर जोडली. जिच्यासाठी मी घडत होते ती बाई समोर स्टुलावर बसून होती. पोटात सातवा महिना, पण नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"झालं बाई, न्या आता," सोनार म्हणाला.

तिने तोटीवरून बोट फिरवलं. "हे आधी तुमच्या ओठाला लावून बघा."

"मी काय तान्हा आहे?"

"लावा म्हणते ना."

त्याने लावलं. मग कानस घेतली आणि पुन्हा खाली मान घातली. तीनदा त्याने माझी तोटी घासली आणि तीनदा स्वतःच्या ओठाला लावून पाहिली. म्हणून सांगते, आजतागायत माझ्यामुळे कुणाच्या ओठाला ओरखडा आलेला नाही. ओरखडा आला नाही म्हणजे त्रास झाला नाही, असं मात्र नाही. ते पुढे सांगते.

ही बाई खानावळ चालवायची. तळमजल्यावर एक लांब खोली, दोन लांब टेबलं, बाकं आणि दोन्ही वेळेला वीस-पंचवीस माणसं. कुणी टायपिस्ट, कुणी कंपाउंडर, कुणी चष्म्याच्या दुकानातला कारागीर. घरापासून लांब राहणारी, एकटी माणसं. ती तिला पाठीमागे मुकादमीण म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वाढायला ती स्वतः उभी राहायची. ताटावर आडवा हात धरून कुणी "नको, नको" म्हणालं तर त्या हाताच्या बोटांवर ती खुशाल गरम भात वाढायची. तिने एक नियमच करून ठेवला होता. "पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खोटं. वाढत राहायचं." नवी सून घरात आली तेव्हा तिलाही तिने हेच शिकवलं. सून बिचारी एकदा एका पाहुण्याच्या 'नको'वर थांबली, तर चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं, "तू विचारतेस की हाकलतेस?"

पण मी पुढे धावले. आधी बाळांचं सांगते.

मुकादमिणीला आधी लेक झाली, मग मुलगा. दोघांना मी पाजलं. ती पाय लांब करून बसायची, बाळ पायांवर घ्यायची, दोन बोटांनी गाल दाबायची. तोंड उघडलं की तोटी आत. बाळ श्वासासाठी थांबलं की घोट आत. बाळं रडायची, हातपाय झाडायची, मान वळवायची. कोण ऐकतंय! शेवटचा थेंब जाईपर्यंत सुटका नसे. आणि मुलं वाढली हो, चांगली धष्टपुष्ट झाली. शेजारणी मला मागून न्यायला लागल्या. "मुकादमीणबाईंचं बोंडलं द्या, त्याने मूल दूध टाकत नाही." मी किती घरं पाहिली, किती गाल पाहिले. माझा तोरा एकाच गोष्टीचा होता. मी कधी भरलेली परत आले नाही.

पुढे रबरी बुचाच्या बाटल्या आल्या. मुलं पडल्या पडल्या आपली आपण चोखायला लागली आणि मला कुणी विचारेना. सुटी बटणं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि बंद पडलेलं एक घड्याळ यांच्याबरोबर मी कपाटाच्या खणात पडून राहिले. काळी पडले. तोटीत कधीचं तरी दूध वाळून बसलं होतं, त्याचा वास मलाच यायचा. मित्रांनो, उपयोग संपलेल्या वस्तूला रागसुद्धा एकटीनेच करावा लागतो. बटणांशी काय भांडणार?

बऱ्याच वर्षांनी खण उघडला. सुनेचा हात आत आला. तोही आता म्हातारा व्हायला लागला होता.

खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच लांब खोलीत आता एकच पलंग होता आणि त्यावर मुकादमीण पडलेली होती. पोटात गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता गाठीवर इलाज नाही, दुखण्यावर मात्र आहे. घरी न्या, त्यांना त्रास होणार नाही एवढं आपण बघू. म्हणून अशाच रुग्णांना घरी जाऊन बघणारी एक सिस्टर दर सोमवारी आणि गुरुवारी यायची. पायात रबरी तळव्यांचे बूट, खांद्याला जड पिशवी. आवाज हळू, पण बोलणं स्वच्छ.

पेल्याने पाणी दिलं की ते मुकादमिणीच्या मानेवरून उशीत जायचं. म्हणून सुनेला माझी आठवण झाली. तिने मला दंतमंजनाने घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि पलंगाशी आणलं.

मुकादमिणीने डोळे बारीक केले. "हे अजून आहे? आता मला बोंडलं लावणार का?"

"पाणी सांडतं आई."

"तोटी नीट धुतलीस? आत साय अडकते."

"धुतली."

"वास घे." सुनेने घेतला. "हं. आण."

पहिले दहा-बारा दिवस फार चांगले गेले. मुकादमीण स्वतःचा अंगठा माझ्या कानावर टेकवायची आणि स्वतःच्या वेगाने प्यायची. एक घोट, मग थांबणं, खिडकीकडे बघणं, मग दुसरा घोट. कधी पाणी, कधी पातळ केलेलं दूध. इतक्या सावकाश मला कुणी कधीच वापरलं नव्हतं. मला वाटलं, माझी वर्षं परत आली.

मग तिची भूक जायला लागली. दर खेपेला चारचे तीन घोट झाले, तीनचे दोन. लेक परगावी राहायची. ती रोज दुपारी फोन करायची.

"वहिनी, आज किती बोंडली गेली?"

"चार."

"चारच? काल पाच होती ना?"

"घेत नाहीत हो ताई. नको म्हणतात."

"नको म्हणतात म्हणून थांबलीस? तुला आईने काय शिकवलंय?"

फोन ठेवला की सून मला धुवायला न्यायची आणि नळाखाली स्वतःशीच पुटपुटायची, "उद्या सगळे म्हणतील, सुनेनं उपाशी मारलं." या एका वाक्याची तिला आजारापेक्षा जास्त भीती होती. तीस वर्षं त्या घरात वाढलं, खरकटं काढलं, आणि शेवटी नावावर हे लागणार! म्हणून ती मला पुन्हा भरायची. मुकादमीण म्हणायची, "नको." सून थोडं थांबून तोटी ओठांशी न्यायची. "नको गं." तरी एक घोट. जिने नियम केला, तिच्यावरच आता तो चालायला लागला होता.

एकदा मुकादमिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. सून बराच वेळ उभी राहिली. मग मोरीत जाऊन तिने माझ्यातलं दूध ओतून दिलं, वर नळ सोडला आणि फोनवर सांगितलं, "पाच." माझा असा संताप झाला म्हणून सांगू! खोटारडी, कामचुकार, काय काय म्हणाले मी तिला मनात. आता कळतं, त्या दिवशी त्या घरात शहाणपणाचं तेवढं एकच काम झालं होतं, आणि ते बिचारीला चोरून करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात लेक बॅग घेऊन आली. आईचे खांदे पाहिले आणि दारातच रडली. आणि रडणं थांबताच कंबर कसली.

"दे इकडे. तुम्हाला कुणाला जमत नाही, मी पाजते."

सिस्टरने सांगितलं होतं की आधी उशी उंच करा, मगच पाजा. लेक घाईत ते विसरली. तिने आईचं डोकं हातावर घेतलं आणि दोन बोटांनी गाल दाबले. अगदी तसेच, जसे आईने तिचे दाबले होते. "एवढंच आई, शेवटचं. आ कर. शहाणी ना माझी आई?"

मुकादमिणीने मान वळवली. तोटी आत गेली. ती श्वासासाठी थांबली आणि घोट आत गेला.

पण मित्रांनो, बाळाचा गळा आणि निघालेल्या माणसाचा गळा एक नव्हे. घोट भलतीकडे गेला. ठसका लागला, पण खोकायचं बळच नव्हतं. नाकातून दूध आलं. ओठ निळे झाले. लेक मला हातात धरून नुसती बघत राहिली. सुनेने तिला बाजूला ढकललं, सासूला उठवून बसवलं, छातीशी पुढे वाकवून धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलगा फोनकडे धावला. मी जमिनीवर पडले होते. माझ्या कानाला पोचा आला तो तेव्हाचा. तो पोचा मी कधी काढून घेणार नाही.

सिस्टर अर्ध्या तासात आली. श्वास मार्गी लागला होता, तरी छातीत घरघर होती. तिने औषध दिलं, कुशीवर निजवलं, तोंड स्वच्छ केलं. मुकादमिणीने डोळे उघडले. मग सिस्टर म्हणाली, "आता पाजणं बंद करू या."

लेक उसळली. "म्हणजे उपाशी ठेवायचं? आमच्या खानावळीत वीस-पंचवीस माणसं दोन वेळा जेवायची हो! आणि माझी आई उपाशी जाणार?"

"भूक असताना दिलं नाही तर ते उपाशी ठेवणं, ताई. आजींची भूक संपलीय. शरीराला आता अन्न झेपत नाही. आपण घातलं तर पोट फुगतं, छाती भरते, त्रास त्यांना होतो."

"तुम्ही ठरवणार ते?"

"मी कशाला ठरवू?" सिस्टर म्हणाली. तिने मला जमिनीवरून उचललं, पुसलं आणि मुकादमिणीच्या डोळ्यांसमोर धरलं. "आजी, हे हवंय का तुम्हाला?"

हा प्रश्न त्या घरात तोवर कुणी विचारलाच नव्हता. घे म्हणाले होते, आ कर म्हणाले होते. हवंय का, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"नको," मुकादमीण म्हणाली.

"ती तसंच म्हणते!" लेक म्हणाली. "या घरात 'नको'ला..."

मुकादमिणीने पांघरुणातून हात काढला. तिने एक बोट उभं केलं. "पहिलं... रीतीचं." श्वास घेतला. दुसरं बोट उभं राहिलं. "दुसरं लाजेचं." तिसरं बोट उभं राहायला फार वेळ लागला. "तिसरं खोटं."

मग चौथं बोट. ते काही नीट उभं राहीना. सुनेने पुढे होऊन त्या हाताला खालून आधार दिला.

"आणि चौथं, आई?"

"चौथं माझं."

मुलगा पायथ्याशी बसला होता, त्याने आईचे तळपाय दोन्ही हातांत धरून ठेवले. थोड्या वेळाने मुकादमीणच बोलली. "ते बाजूला ठेवा. आणि तुम्ही जेवा. तिघंही बसून जेवा. ही दोघं उभ्या उभ्या खातात, बघते मी आठ दिवस."

त्या दुपारी तिच्या पलंगाशी टेबल ओढलं आणि तिघं ताटं घेऊन बसले. ती कुशीवरून एकेकाच्या ताटाकडे बघत होती. खानावळीत बघायची तशीच. सून वाढायला उठली तर लेकीने ताटावर हात धरला. "मला नको वहिनी, जात नाही."

पलंगावरून आवाज आला. "हे पहिलं. वाढ तिला."

लेक हसली आणि हसता हसता रडली, पण जेवली. पोटभर जेवली.

माझी तोटी पुसून मला फळीवर ठेवलं. माझी जागा कापसाच्या बोळ्याने घेतली. सिस्टरने लेकीला शिकवलं होतं. बोळा पाण्यात बुडवायचा, चांगला पिळायचा, ओठांवरून आणि जिभेवरून फिरवायचा, मग ओठांना मलम लावायचं. मागितलं तर पाणी द्यायचं, डोकं उंच करून, दोन थेंब. मागितलं नाही तर नाही. लेकीला ते काम इतकं आवडलं की ती सुनेलाही हात लावू देईना. आणि मी फळीवरून जळत होते. माझ्यासारखं चांदीचं भांडं बसलंय आणि इथे कापसाचा मान! खोटं कशाला बोलू? माझं रिकामं राहणं माझ्या मनाला लागलं होतं. पण मी त्या बाईचा चेहराही बघत होते. ओठ ओले झाले की ती सुस्कारा टाकायची. माझ्यातून प्यायल्यावर गेले कित्येक दिवस तिने तसा सुस्कारा टाकला नव्हता.

नऊ दिवस मिळाले. पोट फुगलं नाही, छाती भरली नाही, दुखणं औषधाने आटोक्यात राहिलं. ती बोलायची थोडी, झोपायची पुष्कळ. मुलगा जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा, ती डोळे मिटूनच "तो टायपिस्ट" किंवा "तो कंपाउंडर" असं ओळखायची. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, लेक ओठांवरून बोळा फिरवत असताना, श्वास लांब लांब होत गेला आणि मग आलाच नाही.

दुपारी माणसं भेटायला आली. समोरच्या काकू लेकीजवळ टेकल्या आणि जे सगळेच विचारतात ते त्यांनी विचारलं. "शेवटी काही गेलं का गं पोटात?" बोलणं लेकीशी होतं, पण डोळे सुनेवर होते. सून पाण्याचे पेले घेऊन येत होती, ती जागीच थांबली. इतके दिवस ती ज्याला भीत होती ते आज दारातून आत आलं होतं.

"आईला विचारलं होतं काकू," लेक म्हणाली. "ती नको म्हणाली."

"अगं, आजारी माणूस नकोच म्हणतं. आपण भरवायचं असतं."

"मी भरवलं ना! गाल दाबून भरवलं. नाकातून दूध आलं तिच्या. वहिनीनं उचलून धरलं म्हणून वाचली. नंतरचे नऊ दिवस आम्हाला आई मिळाली, ती हिच्यामुळे."

सुनेने डोळे पुसले नाहीत, हातात पेले होते. ती पुढे आली.

"काकू, पाणी."

"नको गं."

सुनेने पेले मागे घेतले.

पुढे सिस्टर निरोप घ्यायला आली तेव्हा सुनेने मला तिच्या पिशवीत घातलं. आता मी घरोघर जाते. काही घरांत दोन दिवस राहते, काही घरांत दोन महिने. कुणी माझ्याकडे बघून हसतं, कुणी रडतं. मला सवय झाली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी मी येईन. आजी असेल, आजोबा असतील, आणखी कुणी असेल. तेव्हा एवढं करा. माझी तोटी रोज आतून धुवा. पाजण्याआधी त्यांना उंच बसवा, उभ्याने पाजू नका, शेजारी बसा. हवंय का, असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या, त्यांचे शब्द हळू येतात. घोट खाली उतरलेला दिसला की मगच दुसरा. त्यांनी ओठ मिटले, मान वळवली, तर तुमचं प्रेम कमी पडलं असं मनात आणू नका आणि गाल दाबू नका. मला खाली ठेवा.

तुम्ही मात्र उठू नका.